भुताचा जुना इटालियन सिनेमा गावात लावायचा अन् लोकांचं खरं मत काढायचं, ते कसं

राजेहो, सिनेमा लावणं काही कठीण नाही, पेनड्राइव्ह खोचला की लागते. कठीण आहे ते त्यानंतरचं. सिनेमा संपला, लाईट लागला, आपण विचारलं "कसा वाटला?" तर अर्धे म्हणतात मस्त, अर्धे म्हणतात बोअर, अन् एक तरी पोट्टा छाती फुगवून म्हणतेच की "मी तं घाबरलोच नाही बे". एवढ्यावरून सिनेमाबद्दलही काही कळत नाही अन् माणसाबद्दलही नाही. नेटवरची मतं वाचली तरी तीच गत, एकाचे दहापैकी नऊ, दुसऱ्याचे तीन, अन् दोघांनी पाहिला एकच सिनेमा. तर मत वाचायचं कसं, काढायचं कसं अन् शेवटी लिहायचं कसं, हे एकाच सिनेमावर सांगतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

सिनेमा आहे इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हाचा, १९६६ चा, इटालियन नाव 'ओपेराझिओने पाउरा'. आपल्याकडं फार कोणाला माहीत नाही. मी हाच निवडला कारण ही पूर्ण गावाची गोष्ट आहे. शहरातल्या फ्लॅटमधलं भूत आपल्या लोकांना पटत नाही, पण गाव, गावावर धाक असलेला वाडा, बाहेरून आलेला डॉक्टर, भगतीण, अन् सांज पडली की धडाधड बंद होणारी दारं, हे समजवायला लागत नाही.

आधी नावाचा घोळ सोडवा

शोधायला बसाल तर हा सिनेमा चार नावांनी सापडते. इंग्रजीत 'किल, बेबी... किल!', अमेरिकेत एका फेरीत 'कर्स ऑफ द लिव्हिंग डेड', अन् जर्मनीत तर 'डी टोटेन आउगेन देस डॉक्टर ड्राकुला', म्हणजे ड्राकुलाचं नाव घातलं, अन् सिनेमात ड्राकुला औषधालाही नाही. हे सांगायचं कारण असं की खराब मतांमधली बरीच मतं या नावांनी केलेली आहेत. 'किल बेबी किल' वाचून जो मारामारी पाहायला बसला त्याला धुकं, जिने अन् चेंडू दिसला, तो चिडणारच ना बाप्पा. म्हणून एखाद्यानं कमी मार्क दिले असतील तर पहिले पाहा की त्याला नेमकं काय पाहायचं होतं.

गोष्ट थोडक्यात, कारण लावणाऱ्याला ती माहीत पाहिजे. साल १९०७, कार्पेथियन डोंगरातलं कार्मिंगाम नावाचं गाव. एक बाई विचित्र रीतीनं मेली म्हणून इन्स्पेक्टर क्रुगर डॉक्टर पॉल एस्वायला पोस्टमॉर्टेमसाठी बोलावते. गावाला ते नको आहे. मेडिकल शिकलेली मोनिका नावाची मुलगी गावात आलेली असते, तिला साक्षीला उभं करून डॉक्टर चिरफाड करतो तर मेलेल्या बाईच्या काळजात चांदीचं नाणं निघते. ते घातलेलं असते रूथनं, म्हणजे गावच्या भगतिणीनं. पांढऱ्या फ्रॉकमधली सात वर्षांची मेलिसा चेंडू घेऊन हिंडते, ती ज्याला दिसली तो स्वतःच्याच हातानं मरते, अन् मेल्यावर तरी त्याची सुटका व्हावी म्हणून ते नाणं. मेलिसा वीस वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत दारू प्यायलेल्या लोकांच्या पायदळी तुडवून मेली, कोणी उचललीसुद्धा नाही. तिची आई बॅरोनेस ग्राप्स वाड्यात बसून आहे. शेवट नाही सांगत.

नेटवरची मतं चाळायची कशी

पहिली गोष्ट, मत कोणत्या सालचं आहे ते पाहा. हा सिनेमा कितीतरी वर्षं खराब प्रतीत फिरला, रंग उडालेला, अंधारात काही दिसत नाही असा. २०१७ ला साफ केलेली प्रत ब्लू-रेवर आली तेव्हा कुठं लोकांना कळलं की भिंतीवर हिरवा उजेड आहे, जिन्यात पिवळा आहे, धुक्यात निळा आहे अन् हे सगळं मुद्दाम आहे. बाव्हा मुळात कॅमेरामन, त्याचा बापही त्याच धंद्यातला, उजेडाचा खेळ त्याच्या घरातलाच. मग ज्यानं मळकट व्हीएचएस कॅसेटवर पाहून लिहिलं "अंधारात काही समजत नाही" त्याचं खोटं नाही, पण त्यानं पाहिलेला सिनेमा अन् आपण लावणार तो सिनेमा, यात फरक आहे. तसं मत बाजूला ठेवा.

दुसरी गोष्ट, ओठ अन् आवाज जुळत नाही ही तक्रार. ही जवळपास प्रत्येक जुन्या इटालियन सिनेमावर असते. त्या काळी तिकडं शूटिंगच्या वेळचा आवाज वापरतच नसत, सगळं नंतर स्टुडिओत भरायचे, इटालियन भाषेतलंसुद्धा. त्यामुळं इटालियन आवाज लावा की इंग्रजी, ओठ थोडेफार हुकणारच. या एका कारणावरून ज्यानं सिनेमा निकालात काढला त्याचं बाकीचं वाचण्यात वेळ घालवू नका.

तिसरी, "हे सगळं पाहिलेलं आहे" असं म्हणणारे. लहान मुलीचं भूत, चेंडू, खिदळणं, आता हे दर दुसऱ्या सिनेमात असते, खरं आहे. पण १९६६ ला ते नवं होतं. दोन वर्षांनी फेलिनीसारख्या मोठ्या इटालियन दिग्दर्शकानं आपल्या एका छोट्या सिनेमात सैतान दाखवला तो चेंडूवाल्या पोरीच्याच रूपात. म्हणजे आधी कोण अन् नंतर कोण हे पाहूनच "कॉपी" म्हणायचं.

कामाची मतं कोणती म्हणाल तर ज्यात एखादी जागा सांगितली आहे ती. या सिनेमावर बोलताना चांगले बघणारे बहुतेक त्याच दोन-तीन जागांवर येतात. एक म्हणजे डॉक्टर एका माणसाच्या मागं खोलीतून खोलीत पळतो, प्रत्येक खोली तीच, अन् शेवटी हाती लागतो तो माणूस म्हणजे तो स्वतः. दुसरा तो गोल जिना, वरून पाहिलेला. तिसरी खिडकीच्या काचेवर टेकलेली मेलिसा. अन् तक्रारीही ठरलेल्या: हिरो थंड आहे, कॅमेरा सारखा झूम होते, संगीत ठिगळ लावल्यासारखं आहे, शेवट गुंडाळला. यातली ठिगळाची तक्रार तर हवेतली नाहीच. शूटिंग चालू असतानाच पैसा संपला असं सांगतात, अन् संगीतात नाव कार्लो रुस्तिकेल्लीचं असलं तरी बरेच तुकडे आधीच्या सिनेमांतले उचललेले आहेत. मला स्वतःला ते खटकत नाही, उलट गोष्टीच्या मध्येच कुठूनतरी दुसरंच काही ऐकू आल्यासारखं वाटते. पण कोणाला खटकलं तर त्याचं चूक म्हणता येत नाही.

कोण येणार ते आधी ठरवा, यात गंमत करू नका

हा भाग नीट वाचा. या सिनेमातले लोक भुताच्या हातून मरत नाहीत, भूत त्यांना स्वतःचा जीव घ्यायला लावते. आपण विदर्भात राहतो. आपल्या गावात, नाहीतर शेजारच्या गावात, असं एक तरी घर आहे जिथं हे खरंच झालेलं आहे, कर्जापायी असो की कशापायी. त्या घरच्या माणसाला बोलावून अंधारात हे दाखवायचं नाही. बोलावलं नाही तर वाईट वाटेल अशी भीती असते, तर त्या दिवशी दुसरं काही लावा, हा सिनेमा पुढं कधीतरी अंगणात चार मित्रांतच लावा. अन् जे येतील त्यांना सुरू होण्याआधी सरळ सांगून टाका की यात लोक स्वतःला मारून घेतात, ज्याला नको त्यानं चहा पिऊन घरी जावं, कोणी हसणार नाही. हे सांगितलं म्हणून मजा जाते असं काही नाही.

लहान पोट्टे नकोच. रक्त फार नाही, आजच्या मानानं काहीच नाही, पण चिरफाडीचा प्रसंग आहे अन् एका पोरीच्या अंगावर फटके मारून भूत काढायचा प्रसंग आहे. तिथं मी तर सिनेमा थांबवून सांगतोच की भूत उतरवतो म्हणून माणसाला मारणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. कोणी म्हणेल मूड गेला. जाऊ द्या मूड.

अन् हो, चौकात पडदा बांधून, पावती फाडून दाखवायच्या भानगडीत पडू नका. हक्क कोणाचे तरी असतात, परवानगी लागते. प्रत विकत घ्या, नाहीतर जिथं सरळ मार्गानं मिळते तिथून पाहा, घरच्या लोकांना अन् सोबत्यांना घेऊन. प्रेक्षक मोजकाच पाहिजे, दहा-बारा माणसांच्या पुढं गेलं की मत मिळत नाही, नुसता कालवा होते.

लावायचा कसा

थंडी बरी, दिवाळीनंतर. कापूस वेचून थकलेले लोक लवकर झोपतात हे खरं, पण पावसाळ्यात किडे प्रोजेक्टरच्या उजेडावर येतात अन् मेलिसाच्या तोंडावर पाखरं बसली की भूत पाहून लोक हसायला लागतात. अंधार पाहिजे, तर चांदणं असलेल्या रात्री लावू नका. अमावस्या सगळ्यात चांगली पण अमावस्येला भुताचा सिनेमा पाहायला आपल्याकडं कोण येते, त्यामुळं तिच्या चार-पाच दिवस आगंमागं धरा.

चादरीपेक्षा चुन्याची भिंत बरी, चादर हालते. रस्त्यावरच्या खांबाचा लाईट अंगावर येत असेल तर घराच्या मागच्या बाजूला लावा, कारण या सिनेमातला काळा रंग काळाच दिसला पाहिजे, करडा दिसला की निम्मी भीती तिथंच गेली. प्रोजेक्टरमध्ये 'डायनॅमिक' नाहीतर 'व्हिविड' असं काही असेल ते बंद करून 'सिनेमा' ठेवा, नाहीतर बाव्हाचा हिरवा उजेड लग्नाच्या मंडपातल्या झालरीसारखा दिसते.

आवाजाचं लोक विसरतात. डीजेचा डबा आणून ठेवला की झालं असं वाटते, पण या सिनेमाची भीती बारीक आवाजात आहे, चेंडूची टप टप, पोरीचं खिदळणं, झोक्याची कुरकुर, दाराचा आवाज. बास कमी करा, मधला आवाज वाढवा. साधे दोन कॉम्प्युटरचे स्पीकर भिंतीजवळ ठेवले तरी पुरे. अन् इन्व्हर्टर चार्ज पाहून घ्या, लोडशेडिंग नेमकं कधी येते ते काय सांगावं.

भाषेचं काय करायचं, हा खरा प्रश्न. इंग्रजी सबटायटल आपले लोक वाचत बसत नाहीत. त्याला सरळ उपाय, एक सांगणारा बसवा. झाडीपट्टीत नाटक पाहणारी माणसं आहेत, रात्रभर जागून पाहतात, कोणी शेजारी बसून सांगत असेल तर त्यांना काही त्रास नाही. पण सांगणाऱ्यानं फक्त कोण काय बोलला एवढंच सांगायचं, तेही दोन शब्दांत. "आता पाहा, आता ती येईल" असं म्हणणाऱ्याला मागं बसवा, त्याच्याजवळ चिवड्याचं पातेलं द्या. मेलिसा कोण आहे हे सिनेमा स्वतः उशिरा सांगते, ते आधी फोडायचं नाही. मीही वर सांगितलंच म्हणा, पण तुम्ही लावणारे आहात, पाहणारे नाही.

एक तयारी ठेवा. सिनेमा दीड तासाच्या आतच संपते. ज्याला पहाटेपर्यंत नाटकाची सवय आहे तो उठून विचारते, "बस? एवढ्यासाठी बोलावलं का बे?" हेसुद्धा मत आहे, लिहून घ्या.

आता मत काढायचं

त्याच रात्री विचारायचं नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. लाईट लागल्या लागल्या जो पहिला बोलते त्याचंच मत सगळ्यांचं होते, अन् पहिला बोलणारा कोण असते तर ज्याचा आवाज मोठा तो, नाहीतर ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे तो. त्याला म्हणू द्या "फालतू आहे", तुम्ही हो म्हणा, प्रोजेक्टर गुंडाळा, घरी जा.

दुसऱ्या दिवशी एकेकट्याला गाठा. टपरीवर, वावरात, दूध घालायला आलेल्याला डेअरीजवळ. बायांना तर वेगळंच विचारायचं, कारण रात्री त्या मागं बसतात, मधूनच कोणाचं लेकरू रडते म्हणून उठून जातात, अन् पुरुषांसमोर बोलत नाहीत. घरातल्या वहिनीला नाहीतर बहिणीला सांगा विचारायला, वेचणीला जाताना जे बोलणं निघते ते कुठल्याच फॉर्मवर निघत नाही.

अन् "आवडला का" हे विचारूच नका. हे विचारा: रात्री घरी जाताना कोणता सीन डोक्यात होता. कुठं उठून जावंसं वाटलं. कोणाची कीव आली. चूक कोणाची होती. डॉक्टरच्या जागी तू असता तर थांबला असता का. यातला "चूक कोणाची" हा प्रश्न या सिनेमावर कधीच वाया जात नाही, कारण सिनेमा त्याचं सरळ उत्तर देत नाही. पोरगी मारते, पण पोरीला गावानं मरू दिलं. गावानं चूक केली, पण आता जे मरतात त्यांतल्या कित्येकांनी काहीच केलं नव्हतं. अन् आई दुःखातच आहे, पण तिचं दुःखच गावाला खाऊन राहिलं.

उत्तर त्यांच्याच शब्दात लिहा, फोनमध्ये व्हॉइस नोट घेतली तर विचारून घ्या. तुमच्या शब्दात लिहायला गेलात की सगळ्यांचं मत तुमच्यासारखंच होते.

कशी मतं निघतात त्याचे नमुने देतो, म्हणजे कान कुठं द्यायचा ते कळेल.

एका आजीनं सगळ्यात चांगलं सांगितलं. "पोरगी वाईट नोहे. तिच्या मायनं तिले झोपूच नाही देल्लं." झालं, जाडजूड लेखात जे असते ते तिनं दोन वाक्यांत संपवलं. त्याच आजीला नाण्याचं काही विशेष वाटलं नाही, आपल्याकडंही मेलेल्याच्या तोंडात पैसा नाहीतर सोन्याचा मणी ठेवतात, फक्त "काळजात कायले घालते, तोंडात घालाव ना" एवढीच तिची हरकत.

सामुदायिक प्रार्थनेला नेमानं जाणारे एक आबा मात्र नाराज होते. त्यांचं म्हणणं, शिकलेला डॉक्टर गावात येते, भगतिणीचा उपाय काढून फेकते, अन् मग जिच्यावर तो उपाय केला ती फटकेवाली पोरगी मरते, म्हणजे सिनेमा भगतिणीच्याच बाजूनं झाला ना. गाडगेबाबांनी जन्मभर झाडू घेऊन जे सांगितलं ते या इटलीवाल्यानं एका सीनमध्ये उलटं केलं म्हणे. हे मत हसून सोडून द्यायचं नाही. खरंच सिनेमात तसं आहे. दुसरी बाजू मांडायची तर एवढीच मांडता येते की रूथचाही उपाय शेवटी कोणाला वाचवत नाही, ती फक्त मेलेल्यांची सोय करते. आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मंग कोणीच कामाचं नाही, असा सिनेमा काय कामाचा?" याच्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, अन् मत म्हणून मला हे फार आवडलं.

तरुण पोट्ट्यांची मतं बहुतेक सारखी असतात, दचकवत नाही, स्लो आहे, व्हीएफएक्स नाही. त्यांना पुढचा प्रश्न विचारायचा, खोली-खोली पळतो तो सीन समजला का. इथं गट पडतात. एक म्हणते एडिटिंगची चूक आहे, तेच तेच दाखवलं. दुसरा म्हणते नाही बे, त्याला चकवा लागला. अन् चकवा म्हटलं की बसलेले सगळे बोलायला लागतात, कोण कुठं रात्रभर एकाच बांधाला फेऱ्या मारत होता ते निघते, तासभर जाते. जाऊ द्या, कारण सीन समजल्याचा याहून चांगला पुरावा नाही. त्या सीनला फार मोठी ट्रिक नाही, तीच ती खोली अन् कापलेले तुकडे, बस.

झाडीपट्टीकडचा एक पाहुणा होता. त्याला सांगितलं की मेलिसाचं काम पोरीनं नाही, एका पोरानं केलं आहे, व्हालेरिओ व्हालेरी नावाच्या, विग घालून. बाकीचे चकित झाले, तो नाही. दंडारीत अन् खडी गंमतीत, म्हणजे तिकडच्या लोकनाट्यात, बाईचं सोंग पुरुषच घेत आले, त्याला त्यात काय नवल. तो म्हणाला, "म्हणूनच तिच्याकडं पाहून कसंतरी वाटत होतं. पोरगी असती तं पोरगी वाटली असती." बाव्हानं नेमकं हेच डोक्यात ठेवून केलं की नाही ते सोडा, पडद्यावर मात्र तेच होते. ही माहिती सिनेमा झाल्यावरच सांगा, आधी सांगितली की लोक भूत सोडून विग पाहत बसतात.

अन् एक मत असं आलं की ज्याचा मी विचारच केला नव्हता. गोसेखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातून उठून पुनर्वसनात गेलेला एक भाऊ होता. त्याला ना पोरगी लक्षात राहिली ना नाणं. त्याला राहिलं ते गाव. पडकी घरं, दगडी गल्ल्या, अन् कोणी नाही. म्हणे, "आमचं गाव उठलं तेव्हा शेवटी शेवटी असंच दिसे." आता पाहा, शूटिंग झालं ते रोमच्या उत्तरेला काल्काता अन् फालेरिया भागात, अन् काल्काताचं जुनं गाव कड्यावर बसलेलं, धोक्याचं म्हणून सरकारनं तिथल्या लोकांना हलवायचं १९३० च्या दशकातच ठरवलं होतं, पुढं जवळच नवं गाव वसवलं. त्या भावाला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं नुसतं पाहून ओळखलं. मी त्याला नंतर सांगितलं तर तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग विचारलं, "त्यायले पैसे भेटले का?"

पोस्टमॉर्टेमवरही बोलणं होतेच. गाव चिरफाडीला विरोध करते हे आपल्या लोकांना चटकन समजते, पीएम नको म्हणून हात जोडणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. शहरातला बघणारा गावकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळा होते, आपल्याकडचा होत नाही, त्याला दोन्ही बाजू दिसतात. म्हणूनच तर इथली मतं लिहून ठेवायची.

अन् लिहायचं कसं

मार्क देऊ नका. द्यायचेच असतील तर शेवटी द्या, लोक आकडा पाहतात अन् वाचणं सोडतात. पहिल्या ओळीत हे सांगा: कोणती प्रत पाहिली, कोणत्या भाषेत, कशावर अन् कोणासोबत. "भिंतीवर, इटालियन आवाजात, शेजारी मराठीत सांगणारा, बारा माणसं, थंडी" एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला तुमचं मत कुठून येते ते कळते. मोबाईलवर एसटीत बसून पाहिला असेल तर तेही लिहा, लाजू नका, पण मग अंधारात काही दिसलं नाही ही तक्रार करू नका.

नंतर एक जागा घ्या, एकच, अन् तिच्यावरच लिहा. पूर्ण गोष्ट सांगत बसू नका, शेवट तर अजिबात नाही. या सिनेमाचा शेवट धाडकन होते, बरेच जण त्यावर चिडतात, अन् मला वाटते थोडं चिडणं बरोबरच आहे, पण "शेवट धाडकन होते" एवढंच लिहायचं, कोण मेलं ते नाही. आवडलं नाही ते मोकळं लिहा. डॉक्टरचं काम करणारा जाकोमो रोस्सी स्टुआर्ट दिसायला चांगला पण चेहऱ्यावर फार काही नाही, हे मी बिनधास्त लिहितो. रूथचं काम करणारी फाबिएन डाली मात्र समोर आली की डोळे हटत नाहीत, हेही लिहितो. दोन्ही लिहिलं की लोक विश्वास ठेवतात.

दुसऱ्यांची मतं टाकताना नावं टाकू नका, "एक आजी", "पुनर्वसनातला एक भाऊ" पुरे. गावात कोण काय बोललं ते लगेच कळते, अन् आबांनी भगतिणीबद्दल जे बोललं ते खऱ्या भगताच्या कानावर गेलं तर पुढच्या आठवड्यात तुम्हालाच निस्तरावं लागेल.

टाईप करायचा कंटाळा असेल तर फोनला बोलून लिहायला सांगा, पण तो आपली वऱ्हाडी नीट लिहीत नाही, "नोहे" चं "नव्हे" करते अन् "देल्लं" चं काहीतरी भलतंच. आजीचं वाक्य तेवढं हातानं टाईप करा. अन् टाकल्यावर खाली कोणी लिहिलंच की "एवढा बकवास सिनेमा, तुमचा टाइम वाया गेला", तर भांडू नका, त्याला विचारा कोणत्या नावानं पाहिला अन् कोणती प्रत. बहुतेक वेळा तो 'किल बेबी किल' म्हणते अन् यूट्यूबवरची फाटकी प्रत निघते. चांगली प्रत पाहूनही बकवासच म्हणाला, तर कोणता सीन ते विचारून घ्या अन् त्याचंही मत यादीत टाका.